पीठ माझं, साचा तुझा

पोलादपूर,
गुरुवार, दुपार

प्रिय सकिना,

तुझ्या भाषणाची चार पानं काल अनिलने आणून दिली. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीची गाडी महाडला थांबते, तिथे तू उन्हात उभी राहून पाकीट त्याच्या हातात दिलंस म्हणे. पाकिटावर तुझं वळणदार अक्षर: "नीला, हे मशीनला दाखवलं नाय. चुका तूच काढ, नेहमीसारख्या." रविवारी तू महाडच्या हॉलमध्ये बचत गटांच्या साठ-सत्तर बायकांसमोर उभी राहणार आणि मोबाईलमधल्या एआयकडून जाहिरातीचा मजकूर कसा लिहून घ्यायचा ते त्यांना शिकवणार. मी लाल पेन घेऊन बसले. दोन पानं छान गेली. तिसऱ्या पानावर पेन खाली ठेवलं आणि हा कोरा कागद ओढला. हे वाचून झाल्यावर रविवारी तू माझं नाव घेशील का, आणि त्यानंतर मला तुझ्या दारात उभी करशील का, हे मला खरंच माहीत नाही. पण न लिहिता पानं परत पाठवणं मला जमेना.

आधी सोपं सांगून टाकते. मी तुझ्यावर जळते. अगदी साध्या, बायकी, पोटातून येणाऱ्या जळफळाटाने जळते. चार वर्षं तुझ्या धंद्यातलं लिहिणं माझ्याकडे होतं. मसाल्याच्या पहिल्या पाकिटामागच्या ओळी माझ्या, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी माझी. मुंबईच्या त्या बाईने मसाला फार तिखट निघाला म्हणून तुला खडसावलं होतं, तिला पाठवलेलं उत्तरही माझंच, आणि पुढच्या महिन्यात तिने दुप्पट मसाला मागवला होता. तू एसटीने यायचीस, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचीस आणि म्हणायचीस, "तूच लिव गो, तुझ्या हाताला बरं जमतं." मी मुद्दाम आधी भाकऱ्या उरकायचे, मग दुधाचं बघायचे, मग लिहायला बसायचे. एका ओळीसाठी तुला तासभर बसवून ठेवायला मला आवडायचं, हे आज कबूल करते. तुझा मसाला माझ्या लाडवांपेक्षा जास्त खपत होता, पण लिहिण्यासाठी तुला माझ्याकडे यावं लागत होतं. तेवढ्यावर माझं मन शांत होतं.

मग गेल्या वर्षी तू यायची थांबलीस. मला वाटलं पावसाळा आहे, येईल नंतर. आणि एक दिवस तुझं स्टेटस दिसलं: "पाहुणे दहा आणि हात दोनच? शेवया आम्ही करून ठेवल्या आहेत." एवढंच, आणि खाली ताटातल्या शेवयांचा फोटो. सकिना, मी ते स्टेटस पाच वेळा वाचलं, आणि पाचही वेळा त्यात चूक शोधत होते. न आणि ण जागच्या जागी होते, वेलांट्या बरोबर होत्या. एकही चूक सापडेना आणि मला त्याचं वाईट वाटलं. त्यात अवदसा आठवली आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. माझ्या सासूबाई रंगूबाई, अनिलच्या आई, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला काय सुचतं गो! तू का नाय असं लिवत?" नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या काही तुझ्या मसाल्यातल्या नव्हत्या.

दिवाळीच्या आधी मी बरण्या घ्यायला महाडला आले आणि तुझ्याकडे डोकावले, आठवतं? बरण्या पोलादपुरातही मिळतात. मला बघायचं होतं की लिहून कोण देतं. मनात दोन-तीन नावं धरूनच आले होते, तुझ्या लेकीच्या, अलिशबाच्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडमचंही. तू हातातलं काहीच लपवलं नाहीस. मोबाईल माझ्यापुढे धरलास आणि सगळं दाखवलंस. अलिशबा त्याला प्रॉम्प्ट म्हणते, तू साचा म्हणतेस. स्टेटसचा साचा वेगळा, पाकिटामागच्या मजकुराचा वेगळा, तक्रारीला उत्तर द्यायचा वेगळा, सणाच्या शुभेच्छांचा वेगळा. एकदाच नीट बसून लिहायचा, जपून ठेवायचा आणि दरवेळी मालाचं नाव, सण आणि गिऱ्हाईक तेवढं बदलून एआयला द्यायचा. "चकलीचा सोऱ्या कसा असतो? पीठ बदल, साचा तोच," असं म्हणालीस. मी "वा वा" म्हटलं. मग सांदण वाफेवर ठेवलं होतंस ते बघायला आत गेलीस, आणि मोबाईल माझ्यासमोर चटईवर उघडाच राहिला.

मी तुझे साचे चोरले, सकिना. सगळी फाईल तुझ्या मोबाईलवरून माझ्या नंबरवर पाठवली आणि तुझ्याकडची पाठवल्याची खूण पुसून टाकली. तू सांदण घेऊन आलीस तेव्हा मी तुझ्या पडद्यांचं कौतुक करत होते. मागितले असते तर तू लगेच दिले असतेस, वर चहाही पाजला असतास. तेच मला नको होतं. तुझ्याकडून मागून घेणं म्हणजे पाटावर तू नव्हे, मी बसल्यासारखं झालं असतं.

घरी येऊन वाचलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं इंग्रजी असेल. पण ते तुझंच बोलणं होतं, तुझ्याच चुकांसकट. "मी घरी माल बनवते आनी विकते. गिऱ्हाईक म्हनजे शेजारीन आहे असं समजून लिही. आजच खरेदी करा असं ओरडू नको. चार ओळींच्या वर जाऊ नको. जे मालात नाही ते लिहू नको, नंतर तोंड मला दाखवायचं असतं." त्याखाली तुला आवडलेल्या मजकुराचे दोन नमुने, आणि त्यातला एक माझा, पहिल्या पाकिटावरचा. तो बघूनही मला आनंद झाला नाही, उलट वाटलं, बघा, माझंच घेऊन मोठी झाली. आणि मग शेवटाकडे होतं: "माझं मराठी चुकतं. चुकलं तर सुधार, पन हसू नको."

ती ओळ मला बघवेना. का, ते पुढे येईलच. मी स्वतःला सांगितलं की माझं मराठी काही चुकत नाही, मला ही ओळ कशाला हवी. मसाल्याच्या जागी नाचणीचे लाडू घातले, महाडच्या जागी पोलादपूर घातलं, ईद काढून दिवाळी घातली, आणि ती ओळ घाईघाईने पुसून एआयला साचा दिला. त्या घाईत त्या ओळीच्या खाली जे होतं ते वाचलंच नाही. आलेला मजकूर इतका गोड होता की तो तरी कुठे शेवटपर्यंत वाचला! महाबळेश्वरच्या रस्त्यावरचे ढाबेवाले, अनिलच्या पाळीतले लोक, माहेरची माणसं, सगळ्यांना सकाळी सकाळी पाठवून दिला आणि मोबाईल मांडीवर घेऊन बसले.

दुपार झाली तरी एक फोन नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोबाईलवर टाकून लाडू खपतात होय? त्यापेक्षा बाजारात टोपली घेऊन बस." आणि चारच्या सुमाराला तुझे निरोप यायला लागले. एकामागून एक अकरा. "कापड्याच्या शिंदेवहिनी, एक किलो." "घाटातला ढाबा, तीन किलो, शनिवारी पाहिजेत." साच्याच्या शेवटी तुझा नंबर होता, सकिना. माझ्या लाडवांच्या जाहिरातीखाली दासगाव ते पोलादपूर सगळ्यांना तुझा नंबर गेला होता. चोर पकडला जातो तेव्हा निदान आरडाओरडा तरी होतो. तू एका शब्दानेही विचारलं नाहीस. अकरा लोकांशी बोललीस, पत्ते लिहून घेतलेस, मला पाठवलेस, आणि बाराव्या निरोपात लिहिलंस, "मला पन पाव किलो ठेव." त्या दिवशी मी तुझा जेवढा राग केला तेवढा उभ्या जन्मात केला नसेल. तू भांडली असतीस तर आपण बरोबरीच्या झालो असतो.

पाव किलो मी पाठवले नाहीत. सगळे संपले असं कळवलं. डब्यात होते.

त्यानंतरही साचे मी वापरतेच आहे, नंबर बदलून. कुळथाच्या पिठाला वापरला, फणसपोळीला वापरला. अनिल म्हणतो, आता तुझं लिहिलेलं कळतं, पूर्वी आरतीसारखं वाटायचं. खरं आहे त्याचं. मी 'मायेचा अस्सल सात्त्विक सुगंध' लिहिणारी. तू एआयला सांगितलंस की शेजारणीशी बोल, आणि मला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. ते यंत्राचं डोकं नव्हे, तुझं आहे. यंत्र माझ्याकडेही होतंच की. साचा पाडता आला तो तुला. आणि हे कळल्यावर माझा मत्सर कमी होईल असं वाटलं होतं, तर तो वाढला. यंत्रावर जळणं सोपं होतं गं.

आता तिसरं पान. तू लिहिलंयस: "शाळेत मी 'आणि' हा शब्द 'आनी' असा लिहायची. सगळा वर्ग मला आनी म्हनून हाक मारून हसायचा. मला लिहायची भीती बसली. एक नीला हसली नाही. ती होती म्हनून मी आज इथे उभी आहे." सकिना, नववीत बाईंनी 'आमच्याकडचा पाहुणा' असा निबंध दिला होता. तू तुझ्या कुवेतच्या मामूंवर लिहिलास. सुट्टीवर आले तरी महिनाभर त्यांचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर होतं आणि तुझी नानी त्यांना रोज विचारायची, तुझ्याकडे आता किती वाजले रे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, चुका सुधारता येतात, हे शिकवता येत नाही. माझ्या निबंधात एकही चूक नव्हती. तो त्यांनी वाचला नाही. वह्या तपासायला मात्र माझ्याकडे दिल्या, मी हुशार ना. मी तुझ्या वहीतले 'आनी' मोजले, तेवीस भरले, आणि मधल्या सुट्टीत मुलींना जाऊन सांगितले. आनी हे नाव मी ठेवलं. मी हसले नाही हे खरं आहे, मला हसायची गरजच पडली नाही, बाकीचे हसत होते. तू रडत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, आजपासून माझं तू लिहून देत जा, आणि मी हो म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं. तू लिहू नयेस हेच मला हवं होतं. सत्तावीस वर्षांनी तू लिहायला लागलीस, तेही कुणीतरी हसेल म्हणून यंत्राला आधी विनवून, तर मी ते चोरलं. भाषणातल्या बाकीच्या चुका काढल्या आहेत, पानं अनिलबरोबर उद्या येतील. माझ्याबद्दलच्या त्या दोन वाक्यांना लाल पेन लावलेलं नाही. ती चुकीची आहेत, पण ती दुरुस्त करायचा हक्क माझा नाही. रविवारी मी येणार आहे आणि मागे नाही, पुढच्या रांगेत बसणार आहे. तिथे जे खरं आहे ते तू साठ बायकांसमोर वाचलंस, माझं नाव घेऊन वाचलंस, तरी मी उठून जाणार नाही.

तुझीच म्हणवून घ्यायची अजून सवय असलेली,
नीला