दादाला कळवायचा शब्द

मुलुंड,
४ मार्च १९५६

प्रिय विद्याधर,

तुझी तार मिळाली. अनुपमा गेल्यावर तू येशील असं वाटलं होतं. आला नाहीस, त्याचं कारण मला ठाऊक आहे, म्हणून राग नाही.

तिचा एक निरोप राहिला आहे. वळिवड्याच्या पोलिश छावणीत तू कारकून होतास, तेव्हा तिथल्या एका मुलाचं चित्रांचं पुस्तक घरी आणलं होतंस. डोक्याला पिसं खोवलेली अमेरिकेतली माणसं आणि त्यांच्या हातात लांबलचक चिलीम. तह झाला की ती सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायची. पोलिश लोक तिला कालुमेट म्हणतात, हे तूच सांगितलंस. मग माहेरी आलेली अनुपमा तुझ्याशी भांडली की तू चुलीजवळची फुंकणी तिच्यापुढे धरायचास. दोघांच्या तोंडाला राख. आई ओरडायच्या, घोडे झालात तरी माझी फुंकणी उष्टी करता!

दिवाळीनंतर आमच्या जहाज कंपनीत एक इंडोनेशियन अधिकारी आला होता. त्याच्या मासिकात तसंच चित्र दिसलं. तुमच्यात याला काय म्हणतात विचारलं, तर म्हणाला, कालुमेट. घरी येऊन सांगितलं. अनुपमा तेव्हा अंथरुणाला खिळलेली, पण उठून बसली. म्हणाली, अहो, दादाचा शब्द जावा बेटापर्यंत पोचला की! पोलिश काय नि हे काय, दोघांनीही कुठून तरी उसनाच आणला असणार. त्याला कळवा ना, त्याचा अबोला माझ्याशी आहे, शब्दाशी थोडाच आहे? मी म्हटलं, तूच लिही. बरी झाले की लिहिते, म्हणाली.

आई आमच्याकडे असताना वारल्या, तेव्हा तुझी गाडी उशिरा आली. शेजाऱ्यांनी घाई केली, अनुपमानं हो म्हटलं आणि मुलगा वाटेत असताना जावयानं अग्नी दिला. त्यानंतर तू तिच्याशी बोलला नाहीस. तिनंही स्वतःची बाजू कधी मांडली नाही. कुणी आईंचा विषय काढला की उठून आत जायची.

तुझ्या भाचीचं, सुलक्षणाचं लग्न ठरलं आहे. मुलगा चेंबूरचा, शाळेत शिक्षक आहे. वर्षाच्या आत उरकावं असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून वैशाखातला मुहूर्त धरला. भटजी म्हणाले, सख्खा मामा येणार नसेल तर चुलत मामा उभा राहील, अडचण नाही. मी नको म्हटलं. तिला बोहल्यावर तूच आणायचंस. गाडीला उशीर झाला, मुहूर्त टळला, तरी चालेल. या वेळी आम्ही तुझ्यासाठी थांबू.

तुझाच,
अनंत