होणाऱ्या सासऱ्यांना कर्नाक दाखवताना

३ ऑक्टोबर
नर्मीनला मागणी घालून आलो. तिचे वडील हाजी सब्री, लुक्सरचे रिटायर्ड स्टेशनमास्तर. चहा दिला आणि म्हणाले, माणूस कामावर कसा वागतो ते बघून मी ठरवतो. मी टुरिस्ट गाईड. म्हटलं, मग बुधवारी माझ्या टूरला या काका, नर्मीनलाही आणा. परीक्षा माझी, पेपर काढणारा मीच. झालंच समजा.

५ ऑक्टोबर
संकल्प: एका जागी दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही. (मागे ती जर्मन बाई चक्कर येऊन बसली ती उन्हामुळे.) आरशासमोर सराव. रामसेसची लढाई काही दहा मिनिटांत बसेना. त्यानेच जरा आटोपती घ्यायला हवी होती. आई म्हणाली, अरे, त्या पोरीलाही दोन शब्द बोलू दे. आईला टुरिझममधलं काय कळतं!

८ ऑक्टोबर, सकाळ
गाडीवर इद्रीस. अस्वानकडचा, पोरगा चांगला, पण घुम्या. माझ्यासारख्याला ड्रायव्हर असाच हवा. नर्मीनने नवा निळा स्कार्फ बांधलाय. कोणासाठी, ते सांगायला नको.

कर्नाक
देवळाच्या पहिल्याच खांबापाशी काय रंगलो! हाजी म्हणाले, पोरा, तास झाला. स्टेशनमास्तर माणूस, घड्याळाची खोड जायची कशी. त्यांचा गुडघा धरला, म्हणून नर्मीनबरोबर गाडीत पाठवलं. इद्रीसला फोनवर बजावलं, एसी लाव, गार करकदे सरबत पाज, माझी खास माणसं आहेत, काही कमी पडू देऊ नकोस. असं चहूकडे लक्ष लागतं.

दुपार, राजांची दरी
इथे थडग्यांच्या आत गाईडने बोलायचं नाही असा नियम. माहिती बाहेर द्यायची, मग मंडळी आत जाऊन बघतात. बोलायचंच नाही तर आत जाऊन मी काय करू? हाजींना पायऱ्या उतरवेनात. इद्रीसला म्हटलं, तू धर त्यांचा हात. नर्मीनही गेली. बराच वेळ तिघं वर येईनात. तोवर मी दुसऱ्या गाईडच्या फ्रेंच जोडप्याला फुकट माहिती दिली. त्यांनी मागितली नव्हती, पण चेहऱ्यावर दिसत होतं.
वर आली तेव्हा नर्मीन हसून हसून डोळे पुसत होती. माझा सकाळचा विनोद आत्ता कळला असणार.

संध्याकाळ
हत्शेपसुतचं देऊळ बंद झालं होतं. पार्किंगमधूनच वर्णन केलं. खरं तर जास्त परिणामकारक झालं. टूरमधले एक ऑस्ट्रेलियन आजोबा तक्रार करणार म्हणे. करोत. हाजींनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, आज बरंच काही कळलं मला. पास!

११ ऑक्टोबर
निरोप नाही. मोठ्या घरात वेळ लागतोच. शिंप्याकडे सुटाचं माप दिलं.
इद्रीस रस्त्यात भेटला. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. एका घरी बोलावलंय म्हणाला. बसबुसा मिठाई कुठल्या दुकानाची न्यायची, कसं बसायचं, काय बोलायचं, सगळं समजावून सांगितलं. बिचाऱ्याला कोण सांगणार?

१३ ऑक्टोबर
हाजी स्वतः मिठाईचा डबा घेऊन आले. मी प्रास्ताविक सुरू केलं. म्हणाले, पोरा, जरा थांब. नर्मीनचं इद्रीसशी जमलं. काल फातिहा वाचून पक्कं केलं.
म्हणाले, तुझे आभार मानायला आलोय. एरवी मुलगा चारचौघांत दोनदा दिसतो, तेवढ्यावर पोरीला होय-नाही म्हणावं लागतं. तुझ्यामुळे तिला अख्खा दिवस मिळाला. आणि तो इद्रीस काय गप्पिष्ट निघाला रे! आमचं हसून हसून पोट दुखलं.
इद्रीस? गप्पिष्ट?
आईने डबा घेतला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.
फार आवडायची मला नर्मीन. आत्ता तिचा आवाज आठवून बघतोय. अख्खा दिवस माझ्याबरोबर होती. आठवत नाही.