मागच्या व्हरांड्यापर्यंत रॅम्प मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग.

विषय: मागच्या व्हरांड्यापर्यंत रॅम्प बांधून मिळणेबाबत, तसेच मला इतरांप्रमाणे शिक्षा होणेबाबत.

संदर्भ: शाळेत सर्व मुलांना सारखीच वागणूक मिळेल, ही आपण प्रार्थनेच्या वेळी केलेली घोषणा.

महोदया,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते, की मी इयत्ता नववीत शिकत असून चाकाच्या खुर्चीवरून शाळेत येते. अर्जाची भाषा माझ्या आजोबांनी तपासली आहे. ते निवृत्त हेडक्लार्क आहेत. शिक्षा मागणारा अर्ज उभ्या नोकरीत आपल्या टेबलावर आला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

१. वाचनालय, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह आणि आपले कार्यालय येथे रॅम्प झाले, त्याबद्दल मी आभारी आहे. मागच्या व्हरांड्याला मात्र अजून पायरीच आहे. वर्गात दंगा करणाऱ्यांना तिथेच उभे करतात. सर्वांना बाहेर काढून झाले, की गणिताचे सर माझ्याकडे वळून "तू राहू दे, बाळ" म्हणतात. दंगा मी सर्वांच्या बरोबरीने केलेला असतो.

२. व्हरांड्यात शिक्षा भोगली जाते, असा शिक्षकांचा समज आहे. प्रत्यक्षात माझ्या तिन्ही मैत्रिणी तिथे भिंतीला टेकून गप्पा छाटतात. स्नेहसंमेलनाचे नाटकही तिथेच ठरले. त्यात मला न विचारता राणी करण्यात आले, कारण राणी सिंहासनावर बसूनच असते. मला चोर व्हायचे होते.

३. गेल्या आठवड्यात फळ्यावर मेणबत्ती मी घासली. सरांचा खडू उठेना. मेण फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच होते, कारण माझा हात तिथवरच पोचतो. याहून धडधडीत पुरावा कोणता असणार? तरीही बाहेर गेल्या त्या मैत्रिणी. मी उघड कबुली दिली, तर सरांना भरून आले. मैत्रिणींसाठी आळ अंगावर घेणारी मुलगी म्हणून त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मी शरमेने अर्धी झाले.

४. तेव्हापासून मैत्रिणी माझ्याशी तुटक वागतात. "तुझं बरंय, करून सवरून नामानिराळी," असे आमच्यातली बारकी म्हणाली, आणि ते खरेच आहे. पुढचा बेत मला सांगायचा नाही, हेही व्हरांड्यातच ठरले. आत बसून मला त्यांचे हसणे ऐकू येते, पण कशाला हसतात ते कळत नाही. मला फार वाईट वाटते. अशा वेळी सर माझे मन रमावे म्हणून सोपी गणिते घालतात. ती मला केव्हाचीच येतात.

५. उभे राहण्याची शिक्षा बसून कशी भोगणार, अशी शंका निघू शकेल. मैत्रिणी टेकून उभ्या राहतात. मी न टेकता बसेन.

६. येथवर लिहून झाले असता मधल्या सुटीत बारकीने अर्ज माझ्या हातातून ओढला आणि बाकी दोघींना वाचून दाखवला. मग तिघी उठून गेल्या आणि स्टेजमागची लांब, रुंद फळी घेऊन आल्या. पायरीवर टाकून पाहिली. खुर्ची झकास उतरते. फळी शिपाईकाकांना न विचारता आणली असून सध्या वर्गाच्या दारामागे लपवलेली आहे.

तरी रॅम्प होईपर्यंत आम्ही फळीवर भागवून घेऊ. विनापरवाना फळी पळवल्याबद्दल आम्हा चौघींना पुढच्याच तासाला एकत्र व्हरांड्यात पाठवावे, ही विनंती. फळी त्यांनी उचलली असली, तरी ती माझ्यासाठी उचलली गेली. सबब या प्रकरणातील चोर मीच आहे, याची नोंद व्हावी.

शिक्षेस सर्वथा पात्र,
आपली नम्र विद्यार्थिनी
(सही)

दिनांक: आजचाच, मधली सुटी

सोबत:
१. उरलेली मेणबत्ती
२. तिघींच्या सह्या
३. फळी (दारामागे)