बाबांची न तपासलेली गाठ

प्रिय बाबा,
जय भीम.

आज दुपारी माझ्या गळ्याची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईनं गळ्याले थंडगार जेल चोपडलं, मशीन फिरवली, आन् मले तुमी आठवले. म्हणून लिहून राहिली.

जिंदगीभर रेल मिलमध्ये तुमी हेच तर केलं ना! मशीन लावून रेल्वे रुळाच्या पातीच्या पोटातला दोष शोधाचा. वरून चकाचक, अंदर बारीकशी भेग, की गेली पात रिजेक्टमध्ये. जेवताना किती ऐटीत सांगत होते!

मंग स्वतःच्या गळ्यावर गाठ आली तवा तपासाले कावून नाही म्हटलं? आई मागं लागून लागून थकली. तुमचं एकच, "मशीन लावली की काही ना काही निघतेच. निघलं की माल रिजेक्ट." आन् शर्टाचं वरचं बटन लावून चालले चहा प्याले. वा रे वा!

मनात मात्र कॅन्सरच धरून बसले. स्कूटर भाच्याले देऊन टाकली. विहारात जाणं सोडलं. शेवटी गेले हार्ट अटॅकनं. गाठ कायची होती, कोणालेच कळलं नाही. याचा मले अजून राग येते.

माझ्या रक्तात अँटीबॉडी वाढल्या आहेत. म्हणजे शरीराचे पहारेकरी आपल्याच थायरॉईडशी भांडून राहिले, गेटवरच्या शिपायानं आपल्याच कामगाराले अडवावं तसे. गाठही आहे. मी भीतभीत विचारलं, "मॅडम, मतलब रिजेक्ट?"

त्या हसल्या. "अरे नहीं! ज़्यादातर गाँठें सीधी-सादी होती हैं. बस नज़र रखनी पड़ती है." माझी जरा मोठी आहे, म्हणून सुई लावून आतला नमुना तपासाची.

मंग बाबा, तुमची पण साधीच असंल का? इतके साल तुमी फुकटच भेत राहिले?

मी पण भेली. ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बाहेर आली. बाकड्यावर पिंकी बसली होती. "मम्मी, क्या निकला?" पोरगी बिचारी रडाले आली होती. "काही नाही" असं तोंडावर आलं होतं, पण तिच्याजवळ बसली आन् सगळं सांगतलं.

सोमवारी सुई लावून येईन, बाबा, हा शब्द देते. जे निघंल ते पिंकीले सांगीन, हे घराण्यात चालते म्हणून तिचं रक्त पण तपासून घेईन. आन् माझी स्कूटी मी कोणालेच देणार नाही.

गळा न झाकता,
तुमची लेक
सुषमा