दाराकडे तोंड केलेले बूट

हॅरो, रविवार, १४ नोव्हेंबर १९९३

आज जपानहून परत आलो. माझी मीरा जिथे इंग्रजी शिकवते ते गाव समुद्रात बुडालं तरी मला चालेल. माणसांपेक्षा वाळत घातलेले मासे जास्त! कॉलेज सोडून वेम्बलीच्या दुकानात तांदळाची पोती उचलली, तिकीट काढलं, ते काय हे बघायला?

पहिल्याच दिवशी तिच्या म्हाताऱ्या घरमालकिणीने माझे बूट उचलून दाराकडे तोंड करून ठेवले. म्हणजे चालते व्हा! मी भडकलो. मीरा हसत सुटली.

"अरे येड्या, पाहुण्याला निघताना सोपं जावं म्हणून करतात. इट्स पोलाइट."

असेल. म्हातारी मला आवडली नाही ती नाहीच.

काल किनाऱ्यावरून घरी आल्यावर शेवटी विचारलं, "ख्रिसमसला परत येतेस ना?"

"सांगणारच होते. अजून दोन वर्षांसाठी साइन केलंय मी."

मग नाही नाही ते बोललो आणि आत जाऊन बॅग भरली. बाहेर येतो तर बूट पुन्हा दाराकडे वळवलेले. म्हातारी तर बाजारात गेली होती. म्हणजे मीराने. अगदी नीट, जोडीने. वाकून वळवताना एकदाही वाटलं नाही तिला, याला थांब म्हणावं?

पोलाइट म्हणे!