शिवेला शीव

धनौरा, दिल्ली
माघी पौर्णिमा

चौधरी जिलेसिंह,

दरियावसिंह मास्तराचा राम-राम. गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली असं ऐकलं. रेडा झाला की पारडी, ते कळव. इकडे सगळं ठीक. थंडी ओसरली आहे, सकाळी रजईतून बाहेर पडायला आता कुणाला ओरडावं लागत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझ्या गच्चीवरून तुझ्या सिमलखेडीची पाण्याची टाकी दिसते आणि वारा तिकडून असला तर तुझ्या म्हशीचं रेकणंही ऐकू येतं. पण तू हरियाणात, मी दिल्लीत. त्यामुळे हे पत्र आधी शहरातलं मोठं टपालघर बघेल, मग रोहतक बघेल आणि मग नाल्यापलीकडे तुझ्या दारात येईल. येऊ दे सावकाश.

काल संध्याकाळी ओट्यावर बसून शाळेतली ती मोहरीच्या शेतांची कविता म्हणत होतो. नाला ओलांडून तू आमच्या शाळेत यायचास, दुसऱ्या कडव्याला हमखास अडायचास आणि मागून मी पुटपुटायचो म्हणून छडी मलाच बसायची. तेव्हा दोन्ही काठ पिवळेधमक असायचे. आता समोर गोदामाची भिंत आहे. तीही पिवळीच रंगवली आहे. मी तेवढ्यावर भागवतो.

असो. कामाचं लिहितो.

दिवाळीनंतर तुझ्या बैठकीत मी तुझ्या नवदीपसाठी आमच्या तमन्नाचं नाव काढलं, तर तू माझ्या हातातला हुक्का काढून घेतलास आणि म्हणालास, "मास्तर, कविता डोक्यात गेली का तुझ्या? शिवेला शीव लागलेली गावं आपली. तुझी नात ती माझी नात. नवदीपची बहीण लागते. बहिणीशी लग्न लावू त्याचं?"

मी म्हणालो, "जिले, गोत्रं वेगळी आहेत. चारही बाजूंनी पाहिली मी."

"गोत्र ठेव बाजूला. शिवेचं बोल," असं म्हणून तू म्हशीला चारा घालायला उठलास. चारा तू आधीच घातला होतास.

तर आज शिवेचंच बोलतो.

आधी पोरांचं, कारण तुला ते अर्धवट कळलं आहे. दोघं नोकरीला नॉयडात, म्हणजे उत्तर प्रदेशात. पहिल्या दिवशी तमन्नाने विचारलं, "कुठला तू?" तो म्हणाला, "दिल्ली." ही म्हणाली, "मीपण." झालं! फरीदाबादचा माणूस दिल्ली सांगतो, गाझियाबादचा दिल्ली सांगतो, सोनीपतचा तर छाती पुढे काढून सांगतो. तुझा नातू वेगळं काय सांगणार? वर्षभरानंतर, एकमेकांवाचून करमेनासं झालं तेव्हा, गावाचं नाव निघालं. ती म्हणाली, "नाल्यापलीकडचं सिमलखेडी? अरे, आमच्या गच्चीवरून तुमची टाकी दिसते!" आणि रडायला लागली. पोरगी शीव जाणते, जिले. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. पण मग कुणाशीच नाही करणार." तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी शीव शोधायला निघालो. तिच्या गाडीत बसलो आणि म्हटलं, दाखव तुझी दिल्ली कुठवर पसरली आहे ती. एका रविवारी मेरठ, पुढच्या रविवारी पलवल, मग मानेसरवरून पार राजस्थानातलं भिवाडी. चार राज्यं झाली. स्वागताच्या कमानी बदलतात, पेट्रोलचा भाव बदलतो, रस्त्याच्या एका अंगाला वीज जाते आणि दुसऱ्या अंगाला झगझगाट असतो. पण इथे गाव संपलं, असं मला कुठेच म्हणता येईना. तेच पराठ्यांचे ठेले, त्याच शिकवण्यांच्या पाट्या, तेच उंच मनोरे आणि मध्येच एखाद्या जुन्या गावचं तळं, काठावर खाटेवर बसलेले आपल्यासारखे दोन-तीन म्हातारे. मी उतरायचो, राम-राम करून विचारायचो, "चौधरी, तुमची शीव कुठे?" पलवलकडचा एक जण म्हणाला, "त्या मॉलच्या पार्किंगमध्ये बघा, असेल पडलेली." मानेसरचा म्हणाला, "विकली, भाऊ. ही मोटार उभी आहे ना, ती आमची शीव!"

आता तूच सांग. मेरठपासून भिवाडीपर्यंत भिंतीला भिंत आणि शिवेला शीव. तुझ्या नियमाने ही सगळी एकमेकांची भावंडं. मग नातसून आणणार कुठून, लंकेतून? पुतण्याला मुलगी मिळेना तेव्हा तू केरळहून सून आणलीस. तिच्या गावाची शीव कुणी पाहिली होती? आज तीच पोरगी बाजरीची खिचडी ढवळत आपल्या बोलीत तुला दटावते आणि तू मिशीत हसतोस. मी पाहिलं आहे.

नियम जुन्यांनी उगाच केला नव्हता, हे मला मान्य आहे. एका पाणवठ्यावर येणाऱ्या लेकीबाळींवर शेजारच्या पोरांची नजर जाऊ नये म्हणून केला. पण पाणी आता टँकरने येतं, जिले.

इतकं लिहिलं आणि जे लिहायला बसलो ते टाळतोच आहे. तुझा धाकटा भाऊ चौकात म्हणाला, "मास्तराने पोरीला समजवावं, नाहीतर आम्ही समजावू." याचा अर्थ तुला कळतो, मलाही कळतो. मग पोरं पळून जातील, कुठल्यातरी कचेरीत पोलिसांच्या आड उभी राहून सह्या करतील आणि पुढे दारात प्रत्येक मोटारसायकल थांबली की दचकतील. माझी नात मी अशी देणार नाही. ती दिवसाढवळ्या, ढोल वाजत असताना निघेल. वरातीच्या पुढे तू पगडी बांधून चालत असलास आणि समोर मी हार घेऊन उभा असलो, तर तुझ्या भावाचीच काय, चारही राज्यांत कुणाची जीभ उचलायची नाही. हे मी कवितेच्या भरात लिहीत नाही. मी तुला ओळखतो.

आता जरा तुझी बोटं बघ. कागद उलगडताना पिवळी झाली असतील. ती हळद आहे. माझ्या सुनेने, तमन्नाच्या आईने, चारी कोपऱ्यांना लावली आहे आणि माझा मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. रिवाजाप्रमाणे न्हाव्याच्या हाती चिठ्ठी पाठवली असती तर तू त्याला वेशीवरूनच परत धाडलं असतंस. टपालवाल्याला धाडता येत नाही. तेव्हा मुलीकडून लग्नाचा दिवस कळवणारी पिवळी चिठ्ठी तुझ्या हाती पोचली आहे, आणि हातात घेतलेली पिवळी चिठ्ठी आपल्यात कुणी परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

फुलेरा दूजेला, म्हणजे येत्या फाल्गुन शुद्ध द्वितीयेला, लग्नाचा मुहूर्त पाहावा लागत नाही. त्या दिवशी ऊन वर आलं की मी नाल्याच्या आमच्या काठावर उभा राहीन. गुडघे दुखत असले तर ट्रॅक्टरवर बसून ये, पण पुढे तूच हवास.

आजवर तुला नुसतं जिले म्हणत आलो. यापुढे मानाने लिहावं लागणार, म्हणून आतापासूनच हात वळवून घेतो.

आपला व्याही,
दरियावसिंह