तुमच्या चपला फ्रान्सला राहिल्या

अहो,

रागावणार नसाल तर सांगते. तुमच्या कोल्हापुरी चपला मी फ्रान्सला विसरले. म्हणजे आधी विसरले आणि मग मुद्दाम ठेवून आले. पूर्ण वाचल्याशिवाय "तरी मी सांगत होतो" सुरू करायचं नाही!

आज सकाळी करीमने बेल वाजवली, म्हणून हे पत्र. करीम म्हणजे आपल्या बिल्डिंगचा नवा हारिस. तुम्ही गेल्यावर आला. जिने झाडतो, पाण्याच्या बाटल्या वर आणून देतो. हातात झाडू, चेहरा पडलेला. "मॅडम, साब का चप्पल किधर गया? मैं नहीं लिया."

तुम्हाला हे प्रकरण माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा वरच्या मजल्यावरच्या नेने वहिनी म्हणाल्या, "वसुधा, एकटी बाई आहेस. त्यांच्या चपला दारात राहू देत. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटतं." मी राहू दिल्या. करीमने तुम्हाला कधी पाहिलं नाही, चपला मात्र रोज पाहिल्या. जाता-येता म्हणायचा, "साब को सलाम बोलना." मी सांगायचे, साहेब झोपलेत. एकदा म्हणाला, "साब बहुत सोता है, मॅडम." 

फ्रान्समधल्या त्या जुन्या लियों शहराचं खूळ तुमचंच. शुक्रवारी जेवणं झाली की फोनवर तेच व्हिडिओ. रस्त्यावरचं साधं दार ढकलायचं, आत अंधारा बोळ, बोळातून कुणाच्या तरी घराचा चौक, गोल जिना, पुन्हा बोळ, आणि बाहेर पडायचं ते थेट पलीकडच्या रस्त्यावर! विणकर म्हणे तिथून रेशीम न्यायचे, पावसात भिजू नये म्हणून. तुम्हाला रेशमाशी काय देणंघेणं? तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "वसू, जगात एक अख्खं शहर माझ्या मताचं आहे!"

तुमचं मत म्हणजे "इथून रस्ता आहे." कुवेतला आलो तेव्हा फरवानियात बसस्टॉपला जायला चांगला फुटपाथ सोडून मला खुबूसच्या बेकरीतून नेलंत. भट्टीवरचा माणूस पिठाचे हात तसेच वर धरून बघत राहिला. आणि इथे अबू हलीफात समुद्रावर जायचा जवळचा रस्ता म्हणून एका कुवेती आजोबांच्या दिवाणियात शिरलात, त्यांच्या बैठकीच्या खोलीत! त्यांना वाटलं पाहुणा आला. तुम्ही दाराशी चपला काढल्यात, बसलात, कॉफी प्यायलात, खजूर खाल्लेत आणि मागच्या दाराने समुद्रावर पोचलात. अनवाणी! चपला आणायला फिरून आलात, तर आजोबांनी पुन्हा कॉफी पाजली. मी फाटकाबाहेर उन्हात उभी. ही गोष्ट मी प्रत्येक गणपतीला, प्रत्येक भिशीला रंगवून सांगितली. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "रस्ता होता ना? मग झालं तर."

आणि कायम पुढे! मी पिशव्या घेऊन मागे, तुम्ही कोपऱ्यावर वळून दिसेनासे. गेलातही तसेच. व्हिसा हातात आला, आपल्या गार्गीने तिकिटं काढली, आणि तुमच्या हृदयाला काय घाई झाली कोण जाणे. निदान "वसू, येतेस ना?" असं मागे वळून विचारायचंत! या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.

या वर्षी गार्गीच म्हणाली, "आई, इट्स बाबाज् ट्रिप. वुई आर गोइंग." मी तुमच्या चपला बॅगेत घातल्या. "त्या बोळातून मी याच घालून चालणार" हा हट्ट तुमचा होता. तुमचे पाय नव्हते, माझे होते.

बोळाच्या तोंडाशी मी माझे बूट गार्गीच्या पिशवीत टाकले आणि तुमच्या चपला चढवल्या. माझ्या पावलांनी त्या निम्म्याच भरल्या. गार्गी पलीकडच्या दाराशी फोटो काढायला पुढे गेली. आत भिंतीवर पाटी, तोंडावर बोट ठेवलेला चेहरा. इथे माणसं राहतात, आवाज करू नका. आणि तुमच्या कोल्हापुरीची ती करकर! प्रत्येक पावलाला भिंतीच ओरडताहेत असं वाटे. चौकात पोचले, तर एका दाराबाहेर पायपुसण्यावर चिखलाचे बूट काढून ठेवलेले. झालं! बाहेर पादत्राणं दिसली की आपले पाय आपोआप थांबतात. लोकांच्या घरातून चपला घालून कसं जायचं? मी त्या बुटांशेजारी तुमच्या चपला काढल्या, उंबऱ्याला नमस्कार करायचाच बाकी होता, आणि गार फरशीवरून पुढे निघाले.

बाहेर आले. मागे दार खट्कन लागलं.

"आई, बाबांच्या चपला?"

"बाहेर काढल्या."

"बाहेर? आई, वुई आर बाहेर!"

तुम्हाला हसू येतंय ना? या, हसा! आयुष्यभर तुम्हाला चिडवलं आणि परक्या मुलखात तेच करून बसले.

फिरून पहिल्या दाराशी गेलो. तिथलं दार उघडायचं बटण फक्त सकाळीच चालतं म्हणे, आणि तोवर दुपार झालेली. इतक्यात पाव घेऊन एक गृहस्थ आले. कुवेतच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, "भैया, लौ समहत, चप्पल इनसाइड!" हिंदी, अरबी, इंग्रजी, सगळं देऊन झालं, फ्रेंच तेवढं राहिलं. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, "पार्दों" म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी तिथेच फुटपाथवर बसून रडले. गार्गी माझ्या पायांत बूट चढवत म्हणत होती, "आई, इट्स ओके. उद्या येऊ." इट्स ओके कसलं! दारातली ती जागा रिकामी झाली तर मी घरी कुणासाठी जाणार होते?

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, दार उघडलं. मी धावतच चौकात गेले. चपला होत्या. मी घाईत कशाही काढल्या होत्या. कुणीतरी त्या बुटांशेजारी नीट जोडीने लावल्या होत्या. वरच्या खिडकीतून कांदा परतल्याचा वास येत होता, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मी वाकले, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आपल्या दारात त्या चपला कुठे जात नव्हत्या, कुठून येत नव्हत्या. इथे, अहो, तुम्ही पोचला होतात.

"आई, घे ना!" गार्गी कुजबुजली.

"राहू देत. बाबांना इथेच यायचं होतं."

पोरगीने माझा हात घट्ट धरला. विमानतळापर्यंत सोडला नाही.

तिथल्या लोकांनी एव्हाना टाकूनही दिल्या असतील. देऊ देत. तसंही त्या कचऱ्यात टाकायच्या म्हणून मीच तुमच्यामागे लागले होते.

तर आज करीम दारात उभा. मी सवयीने म्हणाले, "चप्पल फ्रान्स गया."

"साब वापस कब आयेगा?"

साहेब झोपलेत म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण ज्या चपलांच्या जिवावर म्हणायचे, त्याच नव्हत्या.

"साब नहीं आयेगा, करीम. साब गुजर गये. तुम आया उसके पहले."

पहिल्यांदा बोलले हे. दाराची चौकट धरून.

करीमने झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "मालूम है, मॅडम. आते ही सब ने बताया था." झाडू पुन्हा उचलून म्हणाला, "आप बोलता था सो रहे हैं, तो मैं उधर झाडू धीरे मारता था."

तो गेला, आणि मी आत येऊन तुम्हाला लिहायला बसले.

नेने वहिनी त्यांच्या ह्यांच्या जुन्या सँडल देते म्हणाल्यात. मी नको सांगणार आहे. तुम्हाला शब्द देते, आजपासून दारात माझ्याच चपला राहतील, आणि रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन येतील. तुमच्याच रस्त्याने, आजोबांच्या फाटकावरून. त्यांनी कॉफीला बोलावलं तर आत जाईन, दोघांची पिईन, आणि निघताना चपला हातात घेईन!

तुमची,
आता पुढे चालणारी
वसू